ओट्याची उंची

साताऱ्याच्या आमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा काढून नवा करायचं ठरलं, तेव्हा कंत्राटदार कोण हा प्रश्नच नव्हता. माझा धाकटा भाऊ सांगलीत हेच काम करतो. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं तो एका बिल्डरच्या साइटवर उभा राहायचा, मग हळूहळू स्वतःची कामं घ्यायला लागला. सांगलीत पूर येऊन गेला की दुरुस्तीच्या कामांना तोटा नसतो. लोकांना भिंती, फरश्या, वायरिंग सगळंच नव्यानं करून हवं असतं. त्यात हा बोलायला गोड आणि हाकेला धावून जाणारा. विश्रामबागेत त्यानं छोटं ऑफिस घेतलं, दारावर नावाची पाटी लावली, तेव्हा आईनं त्या पाटीवरून पदरानं धूळ पुसली. धूळ नव्हतीच, पाटी नवीकोरी होती.

आम्ही लोणंदला वाढलो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील रुळांच्या कामावर होते. त्या घरात स्वयंपाकघर म्हणजे दोन भिंतींमधला एक कोपरा. आई खाली बसूनच सगळं करायची, भाजी चिरण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायची. भाऊ शाळेत होता तेव्हापासून म्हणायचा, मी मोठा झालो की पहिला ओटा बांधणार. आईसाठी त्यानं तो सांगलीच्या घरात बांधलाही. पण आईची खाली बसून करायची सवय काही गेली नाही, ती गोष्ट वेगळी.

आमचा जुना ओटा कडाप्प्याचा होता. घर घेतलं तेव्हापासूनचा. मधोमध चीर गेली होती, सिंकच्या बाजूनं पाणी भिंतीत मुरायचं आणि पलीकडच्या खोलीत, जिथं मुलगी पुण्याहून आली की झोपते, तिथं रंगाचे पोपडे सुटायचे. यजमान म्हणाले, आता दुरुस्तीवर दुरुस्ती नको, पुरतं काढूनच टाकू. मी भावाला फोन केला.

"ताई, तू दुसऱ्या कुणाला विचारलंयस का?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही रे. तुलाच विचारतेय."

"मग विचारतेस कशाला? सांग फक्त. तुझ्या घराचं काम माझंच आहे. सामानाचं काय ते बघू, माझं स्वतःचं मी काही लावणार नाही."

हे शेवटचं वाक्य पुढे मला किती अवघड जाणार आहे, हे तेव्हा कळलं नाही. छान वाटलं, एवढंच.

काम सुरू झालं तेव्हा तो स्वतः आला होता. जुना ओटा फोडला, मोजमापं घेतली, ग्रॅनाइट कुठलं घालायचं ते मला दुकानात नेऊन दाखवलं. मग विश्रामबागेत एका मोठ्या घराचं काम त्याच्याकडे आलं आणि तो तिकडं अडकला. इकडं त्याचा गवंडी आणि दोन माणसं होती. तो फोनवरून सांगायचा, ते करायचे. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. सकाळी दार उघडून देऊन शाळेत जायची आणि संध्याकाळी येऊन बघायची.

एका संध्याकाळी आले तर ओट्याखालचे उभे कडाप्पे बसवून झाले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी उंचीनं लहानखुरी आहे, वर्गातल्या मुलीसुद्धा आता माझ्यापेक्षा उंच असतात. कडाप्प्याची वरची कड माझ्या पोटाच्या बरीच वर येत होती. त्यावर अजून ग्रॅनाइटची जाडी चढायची होती.

मी भावाला फोन लावला. "जरा उंच वाटतोय का रे ओटा?"

"स्टँडर्ड आहे ताई. सगळीकडे असाच करतो. अजून खालची फरशी यायची आहे ना, ती आली की बरोबर होईल."

फरशी आली. तिच्यामुळं जमीन बोटभर वर आली, पण तेवढ्यानं ओटा माझ्या हाताशी येणार नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

काम पुरं झालं त्या रविवारी तो आईला घेऊन आला. आईनं पांढरी साडी नेसली होती. त्रिसरण पंचशील झालं, मी नव्या शेगडीवर खीर केली. काळंभोर ग्रॅनाइट, त्यात बारीक चमकणारे ठिपके, मागच्या भिंतीवर फिकट पिवळ्या टाइल्स, खाली ट्रॉल्या. दिसायला खरंच देखणं काम होतं. शेजारच्या दोघीतिघी येऊन बघून गेल्या. भावानं मोबाइलवर व्हिडिओ घेतला, मला ओट्याशी उभं केलं आणि म्हणाला, "ताई, हस की जरा." मी हसले. खिरीचं पातेलं उतरवताना मला टाचा उचलाव्या लागल्या, ते व्हिडिओत आलं नाही.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा ओटा धुतला. पाणी सिंककडे जायचं सोडून मागं भिंतीकडे सरकलं आणि शेगडीखाली तळं करून राहिलं. भावानं ते पाहिलं. खिशातला रुमाल काढून पुसून टाकला आणि म्हणाला, "नवीन आहे ना, पॉलिशवर पाणी थांबतं. हळूहळू बसेल."

ते बसलं नाही. काय बसणार होतं, हेही मी विचारलं नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगते. भाजी फोडणीला टाकली की पातेल्यात आत काय चाललंय ते दिसायचं नाही. कणीक मळताना खांदे वर उचलले जायचे आणि मळण्याला जोर यायचा नाही. पोळ्या लाटून झाल्या की मानेपासून दंडापर्यंत कळ निघायची. एक दिवस यजमानांनी बाजारातून लाकडी पाट आणला, रुंद आणि चांगला जाड. तो ओट्यासमोर ठेवला. मी त्याच्यावर उभी राहून स्वयंपाक करायला लागले. फ्रिजकडे जायचं तर पाटावरून खाली, परत आलं की पाटावर. गडबडीत एकदा पाय घसरला आणि हातातल्या आमटीसकट मी ट्रॉलीवर आपटले. भाजलं नाही, पण त्या दिवशी मी खाली फरशीवर थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पाण्याचं तसंच. ओटा पुसायचा, शेगडी उचलायची, मागच्या कोपऱ्यातलं पाणी फडक्यानं टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. मुंग्या यायला लागल्या. आणि पलीकडच्या खोलीत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्याच भिंतीवर नव्या रंगाला फुगवटे आले. बोटानं दाबलं की आत ओलसर लागायचं.

मी फोन करायची. "सवड झाली की जरा बघून जा रे." तो म्हणायचा, "येतो ताई, या रविवारी नक्की." रविवारी काही तरी निघायचं. मी भिंतीचे फोटो पाठवले. त्यानं एक माणूस पाठवला, त्यानं सिंकच्या कडेनं आणि भिंतीच्या सांध्यात कसली तरी पांढरी पेस्ट भरली आणि निघून गेला. महिनाभर बरं होतं. मग ती पेस्ट काळी पडली आणि फुगवटे पुन्हा आले.

एकदा यजमान म्हणाले, "मी बोलू का त्याच्याशी?"

"नको. तुम्ही बोललात तर ते दाजींचं बोलणं होईल. त्याला लागेल."

"मग तू बोल."

"बोलते."

पण मी बोलत नव्हते. मला स्वतःचंच नवल वाटायचं. भाजीवालीकडून एक वांगं किडकं निघालं तर दुसऱ्या दिवशी तिला सांगणारी बाई मी. शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभं राहून, हे वेळापत्रक चुकीचं आहे असं म्हणणारी. आणि भावाला एक साधं वाक्य सांगता येत नव्हतं, की तू केलेलं काम मला त्रास देतंय. मी मनात वाक्यं जुळवायची. एक फार कठोर वाटायचं, दुसरं फार मऊ. मग फोन लागला की त्याची पोरं, आईचं दुखणं, सांगलीचा पाऊस असं सगळं बोलणं व्हायचं आणि शेवटी, निघताना दाराशी एकदम आठवावं तसं मी म्हणायची, ते ओट्याचं जरा बघ हं.

त्यानं त्या दिवशी घेतलेला व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरत होता. भाऊ तो स्टेटसला ठेवायचा, गिऱ्हाइकांना पाठवायचा. माझं स्वयंपाकघर त्याच्या कामाचा नमुना झालं होतं. आणि तो नमुना फिरत फिरत आमच्याच शाळेत आला.

शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आमचं टेबल शेजारी शेजारी. त्यांना घरात ओटा करून घ्यायचा होता आणि सांगलीच्या त्यांच्या नणंदेनं त्यांना तोच व्हिडिओ पाठवला होता. "अहो, ह्या तर तुम्हीच," त्या म्हणाल्या. "भाऊ का तुमचा? मग मला दुसरीकडे बघायला नको. एकदा येऊन प्रत्यक्ष बघू का?"

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर घरी आल्या. मी दार उघडलं आणि त्यांच्याआधी आत जाऊन पाट उचलून फ्रिजच्या मागं उभा केला. का केलं असं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या ओट्यावरून हात फिरवत राहिल्या. टाइल्सचं, ट्रॉल्यांचं कौतुक केलं. चहा घेताना त्यांनी सरळ विचारलं, "काही त्रास नाही ना? मनात ठेवू नका. आयुष्यात एकदाच करायचं काम आहे माझं."

त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्यापेक्षाही थोड्या बुटक्या आहेत. त्यांच्या नवऱ्याला पाठीचं दुखणं आहे, घरातलं सगळं त्या एकट्या ओढतात. मी म्हणाले, "दिसायला छान आहे. पण उंची तुमच्या मापानं करून घ्या. आणि काम झालं की भावासमोर पाणी ओतून बघा."

त्यांनी ओट्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "कळलं."

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. शाळेची मधली सुट्टी होती, मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन घेतला.

"ताई, तुझ्या शाळेतल्या त्या मॅडमना तू काय सांगितलंस?"

"का? काय झालं?"

"त्या म्हणतात, उंची माझ्या मापाची घ्यायची आणि काम झाल्यावर मी पाणी ओतून बघणार. तुमच्या ताईंनीच सांगितलंय म्हणे."

"बरोबरच आहे की त्यांचं."

"बरोबर आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण माझ्या कामातलं बाहेरच्या माणसाला सांगतेस आणि मला नाही सांगत?"

मला राग आला. "तुला सांगितलंय. कडाप्पे लावले तेव्हाच सांगितलं उंच वाटतंय म्हणून. पाणी तर तुझ्यासमोर साचलं. भिंतीचे फोटो पाठवले."

"तू तसं सांगितलंच नाहीस ताई. जरा बघून जा, सवड झाली की, असं म्हणालीस. मला काय कळणार? मला वाटलं बारीकसारीक काही तरी आहे."

हे खोटं होतं असं मला म्हणता येईना. आणि त्याला काहीच कळलं नसेल, हेही पटेना. तळं त्यानंच रुमालानं पुसलं होतं.

"तास आहे माझा," मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. आमच्या दोघांत असं कधी झालं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता, मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. त्या काळात सुद्धा आम्ही भांडलो होतो, पण ती भांडणं समोरासमोरची, जेवणाच्या ताटावरची. ही शांतता वेगळी होती. मी स्वयंपाक करता करता त्याच्याशी मनात वाद घालायची आणि प्रत्येक वेळी जिंकायची. त्यानं काही बरं वाटायचं नाही.

आईला हे कळल्याशिवाय राहणार नव्हतं. तिनं फोन केला, "काय झालंय गं तुमचं? त्यो बी बोलत न्हाई, तू बी बोलत न्हाईस."

मी थोडं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला मधी घेऊ नगा. दोघं बी माझीच. तुमचं तुमी बोला." आणि मग, "मी येती थोडे दिस तुझ्याकडं. लय दिवस झालं."

ती एसटीनं एकटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेची घाई होती, तर म्हणाली, भाकरी मी थापते. ओट्याशी गेली. आई माझ्याहून बुटकी. हात वर करून परातीत पीठ मळायला गेली, तर परातीची कड तिच्या छातीशी आली. मी पाट पुढं सरकवला. तिनं पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू ह्याच्यावर उभी राहतीस व्हय?"

"हो."

"कवापास्नं?"

"झालेत बरेच महिने."

मला वाटलं होतं ती भावाची बाजू घेईल, किंवा माझी. तिनं कुणाचीच घेतली नाही. माळ्यावरची जुनी एका बर्नरची शेगडी काढायला लावली, फरशीवर ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि तिथंच भाकरी थापायला लागली. मी असेपर्यंत इथंच करीन म्हणाली. त्या देखण्या ओट्याच्या पायथ्याशी बसून ती रोज आम्हाला गरम भाकरी वाढायची. यजमान ओशाळून जेवायचे.

ती परत जायची झाली तेव्हा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. न येऊन चालणारच नव्हतं. दुपारची वेळ होती. यजमानांनी दार उघडलं, पाणी दिलं. मी आत ताटं घेत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याला आई खाली बसलेली दिसली.

"आई, खाली का बसलीस?"

"वर हात पुरत न्हाई बाबा," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, खरंच नव्हती. "तुझी बहीण पाटावर उभी राहून करती. मला ह्या वयात पाटावर चढाय जमत न्हाई."

भावानं पाट पाहिला. त्या दिवशी मी तो लपवला नव्हता. तो आत आला, चपला बाहेर काढायच्या राहिल्यात हे लक्षात येऊन परत गेला, काढून आला. मग त्यानं तांब्याभर पाणी घेतलं आणि नळाच्या जवळ ओट्यावर ओतलं. आम्ही सगळे बघत होतो. पाणी क्षणभर थांबलं आणि सावकाश शेगडीच्या खाली गेलं. त्यानं शेगडी उचलून मागं भिंतीचा सांधा बघितला, नखानं खरवडला. पलीकडच्या खोलीत गेला. तिथं तो बराच वेळ होता.

परत आला तेव्हा यजमानांना म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी सांगायचं."

"मी सांगणार होतो," ते म्हणाले. "हिनं नको म्हटलं."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं आता पुन्हा व्हरांड्यातलंच बोलणं सुरू होईल. पण तो खाली आईच्या शेजारी फरशीवर बसला.

"खरं सांगू का ताई, तुझं काम म्हणून मी निवांत घेतलं. बाहेरच्याचं असतं तर रोज नसतो आलो, पण ग्रॅनाइट बसवायच्या दिवशी तरी उभा राहिलो असतो. पाण्याचा ढाळ तपासला असता. तुझ्याकडं काय, पुढंमागं बघता येईल, असं वाटलं. ताईच आहे."

"आणि मी तुला बोलले नाही, तूच आहेस म्हणून," मी म्हणाले. "पण पाणी तू बघितलं होतंस. रुमालानं पुसलंस."

"व्हय, बघितलं होतं," तो म्हणाला. लाज वाटली की त्याच्या तोंडात लोणंदची भाषा येते. "त्या दिवशी सगळे आलेले. आता कुठं फोडाफोडी काढायची, असं झालं."

आईनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. "जेव आधी."

जेवण झाल्यावर तो म्हणाला, पुढच्या महिन्यात माणसं पाठवतो, सगळं काढून नीट करून देतो. मी ते वाक्य ऐकलं आणि मला जाणवलं की आत्ता बोलले नाही तर पुन्हा तेच होणार.

"माणसं पाठवू नकोस," मी म्हणाले. "तू स्वतः उभा राहणार असशील तरच कर. नाहीतर मी इथलं कुणीतरी बघते. त्याचा राग नको धरूस आणि मीही धरणार नाही. आणि तुझं जे काही होईल ते तू घ्यायचं. फुकटच्या कामाला मला नीट बोलता येत नाही."

असं मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. माझा आवाज मात्र चढला नव्हता.

"येतो मीच," तो म्हणाला. "मला थोडे दिवस दे."

तो आला. पूर्वी येतो म्हणून न येणारा माणूस, या वेळी ठरल्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात हजर. आमच्याकडेच राहिला. गवंडी त्यानं कोरेगावचा घेतला, वयानं मोठा, सावकाश काम करणारा. पहिल्याच दिवशी दोघांनी जेवणाच्या टेबलावर फळ्या रचल्या आणि त्यावर परात ठेवून मला कणीक मळायला सांगितलं. मला कसंतरीच वाटलं.

"आवं ताई, लाजायचं काय त्यात," गवंडी म्हणाला. "मळा की रोजच्यावानी. आमी बघत न्हाई."

मी मळायला लागले. एक फळी काढली, पुन्हा मळली. अजून एक काढली. एका उंचीला आल्यावर माझे खांदे आपोआप खाली उतरले आणि हाताचा जोर सरळ कणकेत गेला. "हीच," मी म्हणाले. भावानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. मग आधीच्या ओट्याच्या कडेवर पट्टी धरून दोन्हींमधला फरक बघितला आणि पट्टी खिशात घातली.

ग्रॅनाइट उचलताना सिंकच्या कोपऱ्यात तडकलं. तसा दगड आता मिळत नव्हता. भाऊ म्हणाला, दुसरं नवं घेऊ, पण मी नको म्हटलं, तेच जोडून बसवा. ओटा खाली आला तसा मागच्या भिंतीवर टाइल्सच्या खाली एक उघडा पट्टा राहिला. त्या पिवळ्या टाइल्सही बंद झाल्या होत्या. तिथं साध्या पांढऱ्या लावल्या. त्यामुळं आमचं स्वयंपाकघर आता पूर्वीइतकं देखणं नाही. सांधा दिसतो, पांढरा पट्टा दिसतो. कुणी नवीन आलं की नजर तिथं जाते.

काम संपल्यावर भाऊ म्हणाला, "ओत पाणी." मी भिंतीकडच्या कोपऱ्यात तांब्या रिकामा केला. पाणी आधी पसरलं, मग एका बाजूला गोळा झालं आणि हळूहळू सिंकच्या तोंडात गेलं. गवंड्यानं मान हलवली आणि आपली हत्यारं धुवायला बाहेर गेला. या वेळी कुणी व्हिडिओ घेतला नाही.

गणिताच्या बाईंनी त्यांचं काम शेवटी साताऱ्यातल्याच एकाकडून करून घेतलं. त्यात माझा किती भाग होता ते मी त्यांना विचारलं नाही. भावाला ते कळलं तेव्हा तो "असू दे" एवढंच म्हणाला. त्याला लागलं नसेल असं मी म्हणणार नाही. पुढचे काही महिने तो माझ्याशी जरा जपून बोलायचा. फोन वेळेवर करायचा, विचारलेल्या गोष्टीचं सरळ उत्तर द्यायचा, आणि मला त्याचं पूर्वीचं मोकळं, थापा मारणारं बोलणं आठवायचं. मीही बदलले होते. त्याच्याशी बोलताना शब्द तपासून घ्यायला लागले होते. वाटायचं, खरं बोलल्यानं भिंत वाळली, पण दुसरं काहीतरी त्याबरोबर वाळलं की काय. ते तसं नव्हतं. नव्या गिलाव्याला वेळ द्यावा लागतो, तसा आम्हाला लागला एवढंच. आता तो पुन्हा थापा मारतो. मी मध्येच थांबवून विचारते, खरं सांग, तर हसतो.

परवा त्याचा फोन आला. मागं मशीनचा आवाज येत होता, म्हणजे साइटवर होता.

"ताई, एक विचारायचंय. इथं एका घरी बाथरूमचं काम केलंय. त्या काकूंना दाखवलं. त्या सगळं बघून म्हणाल्या, ठीक आहे. चेहरा मात्र तसा नव्हता. आता ठीक आहे म्हणजे काय धरायचं?"

"काकू उभ्या आहेत का तिथं?"

"आत गेल्या चहा टाकायला."

"मग चहा घे," मी म्हणाले. "आणि कप खाली ठेवायच्या आधी त्यांना परत विचार. तुझ्या माणसांना बाहेर पाठव आणि मग विचार."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्या काकू काय म्हणाल्या ते त्यानं मला कळवलं नाही. दोन दिवसांनी आईशी बोलताना सहज समजलं, की तो त्या घरी बाथरूमची फरशी उखडून पुन्हा बसवत होता आणि त्या दिवसांत जेवायलाही उशिरा येत होता.